कारवी घरी लावता येते का? सह्याद्रीतल्या 'घंटाफुला'बद्दल सगळं काही

पावसाळा ओसरायला लागला की अकोले तालुक्यातल्या डोंगरांचे रील्स फिरायला लागतात. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदरा. एखाद्या वर्षी त्यात जांभळ्या-निळ्या फुलांनी भरलेला अख्खा उतार दिसतो आणि खाली कमेंट्समध्ये प्रश्न सुरू होतात. हे कोणतं झाड? नर्सरीत मिळेल का? बाल्कनीत लावलं तर येईल का?

हे झाड म्हणजे कारवी. फूल घंटेसारखं, झाड डोंगरातलं आणि बहुवार्षिक. युरोपातल्या आल्प्स पर्वतात वाढणाऱ्या 'बेलफ्लॉवर'चे फोटो पाहून अनेकांना तसं काहीतरी आपल्या बागेत हवं असतं. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, त्याच्या सर्वांत जवळ जाणारं देशी झाड हेच.

घरी लावता येते का, याचं थोडक्यात उत्तर : योग्य जागा असेल तर येते, पण फूल बघायला सात वर्षं थांबावं लागतं आणि फुलून झाल्यावर झाड मरतं. अनेकांना ही 'वाईट क्वालिटी'च्या रोपाची लक्षणं वाटतील. कारवीचं मात्र आयुष्यच तसं आहे.

कारवी म्हणजे नेमकं काय?

कारवीचं शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा. १९व्या शतकात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस फॉन एसेनबेक यांनी ते दिलं. पुढे १९४४मध्ये डच शास्त्रज्ञ ब्रेमेकँप यांनी तिच्यासाठी 'कार्विया' हे वेगळं कुळनाम सुचवलं. ते थेट आपल्या 'कारवी' या शब्दावरून घेतलेलं आहे.

आकारावरून ती बेलफ्लॉवरची नातेवाईक वाटते, पण तशी ती नाही. बेलफ्लॉवर म्हणजे कॅम्पॅन्युला, त्याचं कुटुंब वेगळं. कारवी ही अडुळसा, अबोली आणि कोरांटी यांच्या कुटुंबातली. म्हणजे तिचे चुलत भाऊबंद बहुतेकांच्या अंगणात आधीपासूनच असतात.

झाड माणसाच्या उंचीपेक्षा सहज वर जातं. खोडं काठीसारखी सरळ, पानं मोठी आणि हाताला खरखरीत. पश्चिम घाटाच्या उतारांवर ती एकेकटी नाही, तर दाट रान करून वाढते. मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, महाबळेश्वर, नाशिक-पुण्याचे घाट आणि आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, ही तिची ठिकाणं.

पठारांवर दिसणारी बुटकी, पालथ्या टोपलीसारखी गोल झुडपं म्हणजे टोपली कारवी. ती हिची बहीण, पण प्रजाती वेगळी. उतारावरची उंच ती कारवी आणि पठारावरची गोलसर ती टोपली कारवी, एवढं लक्षात ठेवलं तरी कॅप्शनमधल्या निम्म्या चुका टळतील.

सात वर्षं की आठ? हिशेब काय आहे?

कारवी 'सात वर्षांनी' फुलते असं कुणी म्हणतं, कुणी 'आठ वर्षांनी' म्हणतं. दोन्ही बरोबर आहे, फक्त मोजायला सुरुवात कुठून करतो हा फरक.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण घेऊ. तिथे कारवी २००८, २०१६ आणि २०२४मध्ये सामूहिक फुलली. दोन बहरांमध्ये आठ वर्षांचं अंतर. पण २०१६च्या फुलांचं बी २०१६मध्ये रुजत नाही. फुलं गळल्यावर फळं धरतात, ती झाडावरच उन्हाळाभर वाळतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात फुटतात. म्हणजे नवी रोपं आली २०१७च्या जूनमध्ये. तिथून सात वर्षं वाढ आणि आठव्या पावसाळ्यात, २०२४मध्ये, फुलं.

या हिशेबाने तिथला पुढचा बहर २०३२चा. मात्र हे वेळापत्रक अकोल्याच्या डोंगरांना लावू नका. प्रत्येक भागातल्या कारवीचं चक्र वेगळं चालतं. एका डोंगराची फुलून गेलेली असते तेव्हा शेजारची अजून वाढत असते. शिवाय सामूहिक बहर नसलेल्या वर्षीही एखाद-दुसरं चुकार झुडूप फुललेलं दिसतं. त्याचा फोटो टाकून 'कारवी फुलली' म्हणणं बरोबर नाही.

सगळ्यांनी एकदम फुलण्याचा फायदा काय? शास्त्रज्ञांचं एक स्पष्टीकरण असं आहे : दर वर्षी थोडं थोडं बी आलं तर किडे आणि पाखरं ते खाऊन टाकतील. सात वर्षं काहीच न देता एका वेळी डोंगरभर बी आलं, तर खाणारे खाऊन थकतात आणि रुजायला पुरेसं उरतं.

फळ फुटताना आवाज येतो?

हो. वाळलेल्या फळाला पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ते ताडकन फुटतं आणि बी लांब उडतं. पूर्ण डोंगर एकाच वेळी वाळलेला असल्यामुळे मोठ्या बहराच्या पुढच्या जूनमध्ये उतारावर सतत तडतड ऐकू येते.

लहानपणी जांभळ्या फुलांच्या एका रोपट्याची वाळकी शेंग पाण्यात टाकून 'टक्क' फोडायचा खेळ अनेकांनी खेळलेला असेल. ते रोपटंही कारवीच्याच कुटुंबातलं आणि युक्तीही तीच.

बी उडालं की आईझाड संपतं. वाळकी खोडं काही काळ तशीच उभी राहतात आणि त्यांच्या पायाशी नवी पिढी रुजते.

या झुडपावर कोणाकोणाचं पोट आहे?

बहराच्या वर्षी पहिल्या येतात मधमाश्या. आग्या आणि सातेरी दोन्ही. कारवीचा मध गडद रंगाचा असतो आणि तो दर वर्षी मिळत नाही, त्यामुळे त्याला वेगळा मान आहे.

दुसरी गोष्ट घराची. अकोल्याच्या डोंगराळ भागातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड करून त्यावर शेण-मातीचा लेप द्यायची जुनी पद्धत आहे. भिंत हलकी, घर उन्हाळ्यात थंड आणि साहित्य जवळच्या डोंगरातलं. आता सिमेंट आलं, तरी कुडाच्या भिंती अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

तिसरी गोष्ट पूर्ण जिल्ह्याची. घाटघर, रतनवाडी हा पट्टा जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणून ओळखला जातो. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस तिथे पडतो. प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. प्रवरेवर १९२६मध्ये पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आहे. मुळेवर राहुरीजवळ मुळा धरण आहे आणि अहिल्यानगर शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. एवढा पाऊस तीव्र उतारावर कोसळताना माती जागेवर धरून ठेवायला दाट मुळांचं जाळं लागतं. ते काम तिथली झाडं-झुडपं करतात आणि कारवी त्यातली मोठी वाटेकरी आहे. उतार उघडा पडला, तर माती वाहून धरणाच्या तळाशी गाळ म्हणून बसते.

म्हणजे दीडशे किलोमीटर लांब सावेडीत नळ सुरू करणाऱ्याचाही या झुडपाशी संबंध आहे.

मग घरी लावायची का?

आधी जागा बघा. अहिल्यानगर शहर, पाथर्डी, जामखेड, कर्जत या भागात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे घाटघरच्या सात-आठ भागांतला एक. जमीन बरीचशी काळी, पाणी धरून ठेवणारी. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर. कारवीला हवं असतं ते जवळजवळ याच्या उलट : चार महिने भरपूर पाऊस, पण मुळाशी न थांबणारं पाणी, उतार, आणि ढगाळ-गार हवा.

त्यामुळे सर्वांत चांगली शक्यता अकोल्याच्या पश्चिम भागात, डोंगराच्या पायथ्याशी स्वतःची जमीन असलेल्यांना. शेताचा उताराचा बांध, शाळेचं आवार, घरामागची मुरमाड जागा चालेल. संगमनेरच्या डोंगराळ बाजूला प्रयत्न करून बघता येईल. सपाटीवरच्या शहरात, कुंडीत, तिसऱ्या मजल्यावर मात्र अपेक्षा ठेवू नका.

लावायचीच असेल तर हे लक्षात ठेवा :

१. बी कुठून आणायचं? अभयारण्यातून नाही. ते कायद्याने बंद आहे, तपशील पुढे आहे. खासगी जमिनीत कारवी असेल तर मालकाला विचारून, बहराच्या पुढच्या उन्हाळ्यात वाळलेली फळं घ्या. हिरवी फळं तोडून उपयोग नाही. फळं कोरडी ठेवा, ओलावा लागला तर ती पिशवीतच फुटतील.

२. कधी पेरायचं? मृगाच्या पावसाबरोबर, म्हणजे जूनमध्ये. निसर्गात ते तेव्हाच पडतं. बी खोल पुरू नका. वरून मातीचा पातळ थर आणि थोडा पालापाचोळा पुरेसा आहे.

३. माती कशी हवी? लाल माती, मुरूम आणि कुजलेला पालापाचोळा. काळ्या मातीत लावायचं असेल तर आधी मुरूम मिसळून उंचवटा करा, पाणी साचता कामा नये. रासायनिक खताची गरज नाही.

४. ऊन किती? सकाळचं ऊन, दुपारी सावली. मोठ्या झाडाच्या पूर्वेकडची बाजू चांगली.

५. एक नको, गट लावा. ही दाटीने वाढणारी वनस्पती आहे. पाच-दहा रोपं जवळ लावली तर एकमेकांच्या आधाराने वाढतात आणि खालची माती झाकलेली राहते.

६. उन्हाळ्यात घाबरू नका. पाऊस संपला की पानं हळूहळू वाळतात आणि उरतात फक्त मेल्यासारख्या दिसणाऱ्या काठ्या. नवखा माणूस इथे दोन चुका करतो : झाड मेलं समजून उपटतो, किंवा जगवायला रोज पाणी ओततो. दोन्ही करू नका. पहिली एक-दोन वर्षं मुळाशी पालापाचोळा टाका, आठवड्यातून एखाद्या वेळी हलकं पाणी द्या आणि जूनची वाट बघा. पावसाबरोबर झाड पुन्हा हिरवं होतं.

७. छाटणी नको. दर वर्षी छाटून 'शेप' देण्याचं हे झाड नाही. वाढू द्या.

८. तारीख लिहून ठेवा. जून २०२६मध्ये रुजलेलं रोप या हिशेबाने २०३३च्या पावसाळ्याच्या शेवटी फुलेल. त्यानंतर झाड वाळेल, पण लगेच काढू नका. जून २०३४च्या पावसात फळं फुटून बी पडू द्या, मगच काठ्या काढा. पुढची पिढी त्याच जागी येते.

ऑनलाइन मिळणारं 'बेलफ्लॉवर' लावलं तर?

बियाण्यांच्या साइट्सवर कॅम्पॅन्युलाची पाकिटं मिळतात. त्यातल्या डोंगरी बहुवार्षिक जाती आल्प्स किंवा कार्पेथियनसारख्या पर्वतांतल्या. तिथे हिवाळ्यात बर्फाखाली विश्रांती, उन्हाळा सौम्य, मुळं दगडांच्या फटीत गार. आपल्याकडे नेमक्या दोन गोष्टी त्यांना झेपत नाहीत : एप्रिल-मेचं तापमान आणि पावसाळ्यातली कोंदट ओल. उन्हाळ्यात झाड होरपळतं, वाचलं तर जुलैमध्ये मूळ कुजतं.

हौस म्हणून करायचं असेल तर त्याला बहुवार्षिक न समजता हिवाळी फूल समजा. ऑक्टोबरमध्ये पेरा. बी धुळीसारखं बारीक असतं, म्हणून वरून माती न टाकता फक्त दाबून ठेवा आणि पाणी फवाऱ्याने द्या. मातीत जाड वाळू भरपूर मिसळा. थंडीत रोप छान वाढेल, पण पुरेशी थंडी न मिळाल्याने फुलं येतीलच असं नाही. मार्चनंतर ते गेलं तर तुमची चूक नाही.

कुंडीसाठी मग काय?

कारवीच्याच कुटुंबातले दोन सोपे पर्याय आहेत.

जांभळी कोरांटी. आपल्याच देशातली, बहुवार्षिक आणि काटक. फुलं जांभळी-निळी, नरसाळ्यासारखी, लांबून कारवीची आठवण करून देणारी. पावसाळा संपताना सुरू होऊन थंडीत फुलतात, आणि तेही दर वर्षी. पावसाळ्यात फांदीचं बोटभर जाड छाट लावलं तरी जगतं. ऊन किंवा अर्धी सावली चालते, पाणी माती सुकल्यावरच. बहर संपला की फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटा. सपाटीवरच्या तालुक्यांसाठी ही सर्वांत खात्रीची निवड.

पर्शियन शील्ड. नाव पर्शियन असलं तरी मूळ म्यानमारचं. हे कारवीच्याच स्ट्रोबिलँथस गटातलं झाड, त्यामुळे नातं अगदी जवळचं. नर्सरीत मिळतं ते चंदेरी-जांभळ्या पानांसाठी. थेट ऊन लागलं की पानांचा रंग उडतो, म्हणून पूर्वेकडची बाल्कनी निवडा. माती कायम किंचित ओलसर हवी. शेंडे खुडत राहिलात तर झाड भरगच्च होतं, खुडलेले शेंडे पाण्यात ठेवले की मुळं फुटतात.

डोंगरातून रोप उपटून आणलं तर काय होतं?

बहुतेक वेळा रोप मरतं. वाढलेल्या कारवीची मुळं उतारावरच्या दगड-मुरमात पसरलेली असतात, ती उपटताना तुटतात.

आणि तो गुन्हाही आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६मध्ये घोषित झालं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या कलम २९नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणतंही वनोत्पादन काढणं किंवा नष्ट करणं मना आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 'एकच फांदी घेतली' हा बचाव नाही.

फांदी तोडण्याचा हिशेबही समजून घ्या. गुलाबाचं फूल तोडलं तर पुढच्या महिन्यात दुसरं येतं. कारवीचं झाड आयुष्यात एकदाच फुलतं. तोडलेली फांदी म्हणजे त्या झाडाच्या पुढच्या पिढीतला एक वाटा कायमचा गेला. शंभर जणांनी रीलसाठी एकाच उतारावरून वाट पाडली, तर फुलं तुडवली जातातच, शिवाय पुढच्या जूनमध्ये बी पडायचं तिथली माती घट्ट झालेली असते. परिणाम दिसतो तो सात वर्षांनी, आणि तोवर रील कुणाच्या लक्षातही नसतो.

व्हायरल फोटो खरा की खोटा, कसं ओळखायचं?

'१२ वर्षांतून एकदा फुलणारं फूल, कळसूबाईवर' असा मेसेज आला तर थांबा. १२ वर्षांचं चक्र नीलकुरिंजीचं. ती कारवीची दक्षिणेकडची बहीण, केरळ-तमिळनाडूच्या उंच डोंगरांवर वाढते. मुन्नारला ती २००६ आणि २०१८मध्ये फुलली, आता २०३०ची वाट आहे. फोटोत गुडघा-कमरेएवढ्या बुटक्या झुडपांचा निळा गालिचा गवताळ टेकड्यांवर आणि मागे चहाचे मळे असतील, तर तो फोटो अकोल्याचा नाही. माणसाच्या डोक्यावरून जाणारी, मोठ्या खरखरीत पानांची झुडपं असतील तर कारवी असण्याची शक्यता जास्त.

बघायला जाताना

बहर साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. निघण्याआधी बारी, रतनवाडी, पाचनई, साम्रद अशा पायथ्याच्या गावांतल्या वाटाड्यांना विचारा. कोणत्या उताराची पाळी आली आहे, हे इंटरनेटपेक्षा त्यांना नेमकं माहीत असतं. मळलेली वाट सोडू नका. मधमाश्या असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि स्पीकर टाळा. मध घ्यायचा असेल तर गावातल्या माणसाकडून घ्या. पानांचा रस पिण्याचे घरगुती उपाय सांगणारे व्हिडिओ बघून काहीही तोंडात घालू नका.

थोडक्यात

बाल्कनी असेल तर जांभळी कोरांटी लावा, ती दर वर्षी फुलेल. डोंगराच्या पायथ्याशी जमीन आणि सात वर्षांचा धीर असेल तर कारवी पेरा. दोन्ही नसेल तर अकोल्याच्या डोंगरात जा, वाटेवरून बघा आणि रिकाम्या हाताने परत या. कारवीची निगा राखायचा हाही एक मार्ग आहे, आणि त्यासाठी बाग लागत नाही.